कुंभिवलीचा माणूस

आत्या,

आज कॉलेजात मी तुझ्याविषयी बोलले. सगळ्या वर्गासमोर उभी राहून, माइक नको म्हणून, खड्या आवाजात. घरी आले, चहा ठेवला आणि तो उतू गेला तरी बघत उभी राहिले. तू असतीस तर टपली मारून म्हणाली असतीस, "ध्यान कुटं हाय गं तुजं?" ध्यान ठिकाणावर नाही, म्हणूनच हे लिहायला बसले. तुला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. जिवंतपणी तू कुणाला कसला धक्का दिला नाहीस. घरात असायचीस ते भांड्याचा आवाजसुद्धा न करता. आणि गेल्या महिन्याभरात तू मला असे धक्के दिलेस की मी कुणाच्या घरात वाढले तेच मला कळेनासं झालंय.

मी कॉलेजात जाते हे ऐकून आधी तू पोट धरून हसशील. बारावी झाल्या झाल्या माझं लग्न ठरवलं तेव्हा बाबांशी भांडलेली तू एकटीच. आता पोरगा सातवीत गेला, साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला मला कायमची दुपारची पाळी मिळाली, सकाळ मोकळी झाली, म्हणून नाव घातलं. मुख्य विषय मराठी. पण नव्या नियमाप्रमाणे त्याच्या जोडीला एक मायनर घ्यावाच लागतो. अर्थशास्त्राचे तास दुपारी, मानसशास्त्राच्या जागा भरलेल्या; उरला स्त्री अभ्यास. आवडीनं घेतला असं म्हणायला मला तोंड नाही. तुझा जावई टेम्पो पुसता पुसता म्हणाला, "बायकांचा अभ्यास? मी पंधरा वर्षं करतोय, अजून पहिल्याच धड्यावर हाय." वर्गात सगळ्या एकोणीस-वीसच्या पोरी. मला ताई म्हणतात, वडापाव आणला तर पहिला घास मला देतात. मॅडम माझ्यापेक्षा लहान असाव्यात, पण शिकवायला लागल्या की कुणी मोबाइलकडे बघत नाही. हळूहळू मला त्या तासाची गोडी लागली, हे खोटं नाही. आपल्या घरात जे नुसतं 'असतं', त्याला पुस्तकात नाव असतं हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

एके दिवशी मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'परित्यक्ता'. म्हणाल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बायका. विधवा नाहीत, नांदत्याही नाहीत. भावाच्या घरी राहतात, घरादाराचं करतात, आणि मोजदादीत कुठंच येत नाहीत. मी ऐकतेय आणि माझ्या डोळ्यांपुढे तू. चुलीपाशी बसलेली, तांदळाच्या भाकऱ्या थापणारी, सगळ्यांचं आटपल्यावर तव्यावरच सुकटीचं कालवण घेऊन जेवणारी. आई कायम शेतावर. मी तुझ्याच पदराखाली वाढले. माझा हात आपोआप वर गेला. "आमच्या घरात होती, मॅडम." मग कळंबजवळच्या आपल्या आख्ख्या गावाला जे पाठ आहे ते मी सांगितलं. कुंभिवलीला दिली होती. नवऱ्यानं दुसरी ठेवली, हिला टाकली. ती भावाकडे आली ती मरेपर्यंत राहिली. मॅडम म्हणाल्या, "ताई, प्रकल्प तुम्ही यावरच करा. तिला ओळखणाऱ्यांशी बोला, सासरच्यांशीसुद्धा. आणि शेवटी वर्गात सांगा." मला तेव्हा चक्क अभिमान वाटला. घरातल्या माळ्यावरची जुनी घागर कुणीतरी 'पितळ चांगलं आहे हो' म्हणावं, तसा.

तुझ्या किती गोष्टी तेव्हा मला आठवल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुला बोलवायचं की नाही यावर बायकांचा दर वर्षी घोळ. नवरा जिवंत, म्हणून कुंकू लावायचं. टाकलेली, म्हणून ओटी भरायची नाही. "बिचारी, काय पाप केलं व्हतं गं हिनं," असं तुझ्या तोंडावर म्हणायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या. तू मान खाली घालून वाण घ्यायचीस. घरी आलीस की स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून तोंडात पदर कोंबायचीस, आणि तुझे खांदे गदगदायचे. मी धावत पाणी आणायची. "ठसका लागला गं," म्हणायचीस. मी तेव्हा मनात ठरवलं होतं, मोठी झाले की त्या कुंभिवलीच्या माणसाला बघून घेईन.

एकदा तर बोलूनच गेले. सहावी-सातवीत असेन. तू भाकरी थापत होतीस आणि मी म्हणाले, "तो कुंभिवलीचा मेला ना, तर मी शाळेत पेढे वाटीन." तू तव्यावरची भाकरी तशीच सोडलीस आणि पिठाच्या हातानं माझ्या गालावर दिलीस. तू मला मारलेली ती एवढी एकच. "ज्याला बगितला नाय त्याला मारायला निगालीस?" म्हणालीस. भाकरी करपली, ती तूच खाल्लीस, आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. मी समजले, तुझा अजून त्याच्यावर जीव आहे. एवढा दुष्ट माणूस, आणि ही त्याच्यासाठी झुरतेय! वर्गात मी हेसुद्धा सांगितलं होतं. पोरींनी 'च्च' केलं होतं.

आणि माझ्या पाठवणीच्या दिवशी तू रुमालाच्या गाठीत एसटीच्या भाड्यापुरते पैसे बांधून माझ्या मुठीत कोंबलेस. "ह्ये खर्चू नको. येन्याचं भाडं हाय." लग्नाच्या मांडवात असं बोलतात का? आई तुझ्यावर डाफरली होती. मी तर त्या पैशांची पहिल्याच आठवड्यात खोपोलीच्या स्टँडवर तुझ्या जावयाबरोबर भेळ खाल्ली.

असो. सुट्टीच्या दिवशी सकाळी शेअर रिक्षानं मी कुंभिवलीला गेले. हायवेला लागून तुझ्या पुतण्याचं चहा-वडापावचं दुकान आहे, मागं घर. घर विचारावंही लागलं नाही. तुझ्या सासरचं आडनाव सांगितलं तसं पंक्चरवाल्यानं बोट दाखवलं. तुझी मोठी जाऊ दुकानामागच्या पडवीत बसली होती, केस पांढरेशुभ्र, पाय सुजलेले. मी कोण ते सांगितलं तशी ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्याच घरातली गं? कळंबकडची?" शेजारी एक म्हातारा पाटावर बसून कोथिंबीर निवडत होता. त्यानं उठून मला पाण्याचा तांब्या आणून दिला, पुन्हा बसला, पुन्हा निवडायला लागला. मी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. मी भांडायला गेले होते, आत्या. स्त्री अभ्यास शिकलेली, प्रश्न तयार करून आलेली. सरळच विचारलं, "माझ्या आत्याला तुम्ही का टाकलंत?"

जाऊबाई काही बोलायच्या आत तो म्हातारा म्हणाला, "मी टाकली. ह्या लोकांचा काय संबंध नाय." मान वर न करता. हाच! ज्याच्या मरणाचे मी पेढे वाटणार होते, त्याच्याच हातचं पाणी प्यायले होते. मी तोंडाला येईल ते बोलले. तिनं कसे दिवस काढले, बायका तिला काय काय म्हणायच्या, तुम्हाला लाज कशी वाटली नाही, सगळं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "ती गेली ते कळलं व्हतं. यायचं व्हतं, पन मी आलेला बरा दिसला नसता." कोथिंबिरीची पाटी उचलली आणि दुकानात गेला. वाटलं, बघा, पुरुषाचं काळीज! पश्चात्तापाचा एक शब्द नाही.

तो गेल्यावर जाऊबाईंनी माझा हात धरला. "लई बोललीस गं पोरी. पन चुकीच्या मानसाला बोललीस. कोनी टाकली? ती आपल्या पायानं गेली." मी म्हणाले, मारलं असेल म्हणून गेली. "मार? ह्यो? कोंबडी कापायला शेजाऱ्याला बोलवतो." मग दारू. मग दुसरी बाई. मी एकेक विचारते आणि ती मान हलवते. "कायबी नाय गं. सासूबी माझ्याच वाट्याला जास्ती, तिला काय बोलत नव्हती. येक दिवस सकाळी पानी भरलं, भाकऱ्या केल्या, फडक्यात गुंडाळून ठेवल्या. मला म्हनली, अक्का, मी जाते. इचारलं, कुटं? तर म्हनली, घरी. मला हितं राहावंसं वाटत नाय. रडली नाय, रागवली नाय. चपला घातल्या नि गेली."

आत्या, हायवेवरून ट्रक जात होते, दुकानात कुणी वडा मागत होतं, आणि मी तिथं बसून माझं आख्खं बालपण पुन्हा पहिल्यापासून बघत होते. जाऊबाई सांगत होत्या. तुला न्यायला तो तीनदा आला होता. तिसऱ्या खेपेला तू त्याच्याबरोबर गावाच्या वेशीपर्यंत चालत गेलीस, काय बोललात कुणास ठाऊक, आणि तो परत येऊन वहिनीला म्हणाला, "वैनी, आता कुनी इचारलं तर मीच टाकली म्हना. तिला तिच्या घरात राहायचं हाय, राहू दे. मी पुरुष हाय, मला काय हुतंय." आणि झालं की! दुसरी मुलगी कोण देणार त्याला? पहिलीला टाकली, आमच्या पोरीला ठेवील कशावरून? त्यानं दुसरी ठेवलीबिवली नव्हतीच. ती बाई आपल्या गावानं जन्माला घातली. जाऊबाई म्हणाल्या, "मी सांगितलं म्हनून त्याला सांगू नको. मला बोलंल." एवढ्या वर्षांनी, तू नसताना, एका परक्या पोरीच्या शिव्या खाऊन त्यानं तुझा शब्द पाळला होता. आणि मी दुकानापुढून त्याच्याकडे न बघता निघून आले. बघायची हिंमत नव्हती.

खरी गोष्ट सांगू? रिक्षात बसल्यावर मला त्याची दया आली नाही आधी. तुझा राग आला. राहावंसं वाटत नाही, हे काय कारण झालं? एखादी चापट तरी. एखाद्या दिवशी उपाशी तरी ठेवलेलं. कारखान्यात माझ्या शेजारी बसणारी एकजण आठ दिवसांआड सुजलेला गाल घेऊन येते आणि तरी पाळी सुटली की त्याच घरी जाते. आणि तू चांगल्या माणसाला सोडून चपला घालून चालू लागलीस? मग मला माझीच भीती वाटली. सकाळी पुस्तकात बाईच्या इच्छेवरची पानंच्या पानं वाचणारी मी, आणि माझ्याच आत्यानं एकदा नुसती इच्छा म्हणून काही केलं तर मला तिच्या अंगावर वळ हवे होते.

पुढच्या रविवारी बाबांकडे गेले. ते मागच्या अंगणात वाल सोलत बसले होते. आता कानांनी कमी ऐकतात, पण 'कुंभिवली' एवढं बरोबर ऐकलं. हातातली शेंग खाली ठेवली. "कुनी सांगितलं?" म्हणाले. मी म्हणाले, सांगितलं कुणीतरी. गावाला खोटं तुम्ही का सांगितलंत? मला वाटत होतं, घराच्या अब्रूसाठी यांनीच ही गोष्ट रचली असणार, आणि तुला आयुष्यभर त्यात कोंडलं असणार. तर म्हणाले, "मी नाय गं. तिनंच. ती आली, मी म्हनलो, लोकांस्नी काय सांगू? तर म्हनली, दादा, सांग त्यानं टाकली. टाकलेल्या बाईला कोन 'का' म्हनून इचारत नाय."

बराच वेळ आम्ही दोघं वाल सोलत बसलो. मग मी म्हणाले, तुम्ही तरी विचारलंत का कधी? बाबा हसले, पण रडल्यासारखे. "भ्या वाटलं. मारलं म्हनली असती तर जाऊन त्याला मारावं लागलं असतं. नाय मारलं म्हनली असती तर तिला परत पाठवावं लागलं असतं. त्यापरीस नकोच म्हनलं." इतकी वर्षं एका चुलीवर जेवलात तुम्ही, आणि मध्ये हे एवढं न विचारलेलं. तुझं ते संक्रांतीचं रडणंही आता मला खरं वाटेना. तू रडत नव्हतीस ना गं? त्या बायका तुझ्यासाठी डोळे पुसायच्या आणि तू पदर कोंबून हसायचीस. हसत असशील तर बरं. पण तेही मला आता नक्की सांगता येत नाही; तुझ्याबद्दल मला नक्की असं काहीच सांगता येत नाही.

निघताना बाबांना विचारलं, शनिवारी वर्गात खरं सांगू का? म्हणाले, "सांग. मला आता कोन काय करतंय? त्या मानसाच्या डोक्यावरचं तरी उतरंल. पन तिला कोन नावं ठेवता कामा नये, एवढं बग." आठवडाभर मी हेच मनात घोळवत राहिले. गावचं सांगितलं तर तो माणूस पुन्हा एकदा नालायक ठरतो, तेही माझ्या तोंडून. खरं सांगितलं तर तू उघडी पडतेस. पॅकिंगच्या पट्ट्यावर माझे दोन खोके उलटे गेले, सुपरवायझर ओरडला. शेवटी ठरवलं, खरंच सांगायचं. शिकायला आलोय, तिथं तरी खोटं नको. तिथं कोण तुला नावं ठेवणार? फळ्यावर बाईच्या हक्काचं लिहिणारी माणसं ती.

आणि सांगितलं मी, आत्या. आज सकाळी. सुरुवातच अशी केली, "मागं मी सांगितलं ते चुकीचं होतं. माझ्या आत्याला कुणी टाकलं नाही. ती स्वतः निघून आली." मी सगळं सांगितलं, भाकऱ्या, चपला, वेस, पडवीतली कोथिंबीर. मला वाटलं, आता काहीतरी मोठं होईल. पुढच्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला. "पण का, ताई?" मी म्हणाले, राहावंसं वाटलं नाही म्हणून. "हो, पण का?" दुसरी म्हणाली, संशयी असेल. तिसरी म्हणाली, घरात कुणाचा तरी त्रास असणार, दिराचा वगैरे. एकीनं खालच्या आवाजात विचारलं, त्याच्यात काही दोष होता का. मी नाही, नाही म्हणत होते आणि पोरींचे चेहरे बदलत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "मग त्या माणसावर अन्यायच केला की तिनं. आयुष्य वाटोळं केलं त्याचं." दोन-चार माना हलल्या. मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं, आणि फार मायेनं मला म्हणाल्या, "ताई, हिंसा नेहमी दिसतेच असं नाही. बायका सांगत नाहीत. अजून खोलात गेलात तर कारण नक्की सापडेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांचं बोलणं कानात होतं. तुला नावं ठेवली जात होती, माझ्यादेखत, आणि तीही मी ज्यांच्या भरवशावर गेले त्यांच्याकडून. मला फक्त तुला वाचवायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

हे पत्र कुठंच जाणार नाही. जायचंच झालं तर ते कुंभिवलीला जायला हवं, हायवेवरच्या दुकानात, त्या म्हाताऱ्याच्या हातात. तेवढी माझी छाती नाही. तुला म्हणून सांगते, तुलाच एकटीला.

मी म्हणाले, "मारायचा तो."

वर्गानं श्वास सोडला. पुढच्या बाकावरच्या पोरीचे डोळे भरले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि टाळ्या वाजल्या. त्यानंतर कुणीच काही विचारलं नाही.